पुरात राहिलेली ४०७

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या ४०७ चा, म्हणजे टाटांच्या छोट्या मालट्रकचा, क्लच उघडलेला होता. गिअरबॉक्स शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेला, आणि नवी क्लच प्लेट सांगलीहून आणायचं काम माझ्याकडे होतं. दोन शनिवार मी ते पुढं ढकललं. तिसऱ्या शनिवारच्या आत कृष्णा शेडमध्ये शिरली.

कृष्णाकाठच्या आम्हा भिलवडीकरांना पूर नवा नाही. २००५ चं पाणी आमच्या शेडच्या पायरीला लागून परत गेलं होतं, तेवढ्यावरच आमचा हिशेब. पण या वेळी सांगलीत आयर्विन पुलापाशी, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, तिथं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. आम्ही जनावरं सोडली, आईला आणि कागदांची पिशवी घेतली आणि माळावर पाहुण्यांकडं गेलो. गाडी ओढून न्यायची तर गावातले सगळे ट्रॅक्टर माणसं काढायला लागले होते. आमचा ट्रक आधी ओढा म्हणायची ती वेळ नव्हती. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा पुढच्या काचेच्या रबरापर्यंत चिखलाची रेघ होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीभोवती एक फेरी मारली आणि हात धुवायला गेले. क्लच प्लेटचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही, नंतरही काढला नाही.

ही गाडी १९९३ ची. अण्णांनी ती १९९८ मध्ये जुनी घेतली आणि पुढं सोळा वर्षं चालवली. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं: तासगाव, पलूसच्या बागांतून पेट्या भरायच्या, संध्याकाळी निघायचं, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे, खंडाळ्याचा घाट उतरून पहाटे वाशीच्या फळ मार्केटात. बाकीचं वर्ष बेदाणा, खत, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा. माझं आणि धाकट्या बहिणीचं शिक्षण या गाडीच्या हौद्यातून झालं. टाटांनी ४०७ बाजारात आणली १९८६ साली. त्याच सुमारास जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या चार छोट्या ट्रकगाड्या देशात आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं ही टिकणार नाही असं तेव्हा लोक म्हणायचे, हे अण्णा आजही अभिमानानं सांगतात.

२०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. त्या वेळी मात्र आदल्या दिवशीच ट्रॅक्टर लावून आम्ही गाडी माळावर ओढून नेली. दोराला बांधलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर अण्णा बसले होते. इंजिन बंद, नुसतं वळवत होते. ते दृश्य मला सहन झालं नाही. तरी कामाला हात घालायला २०२२ ची दिवाळी उजाडली. मध्ये दोन भंगारवाले येऊन गेले, एकानं तर टायर मोजायलाही सुरुवात केली होती.

मी पलूसच्या एमआयडीसीत तपासणी विभागात काम करतो. मायक्रोमीटर, डायल गेज हातात रोज असतात, पण इंजिन मी आयुष्यात उघडलं नव्हतं. कृष्णाकाठच्या किती शेडमध्ये अशा बुडालेल्या गाड्या अजून उभ्या आहेत हे मला माहीत आहे, म्हणून काय केलं आणि कुठं चुकलं ते जरा सविस्तर लिहितो.

शेजारचे तात्या हे माझे गुरू. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात त्यांनी टर्नर म्हणून उभी हयात घालवली. १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर ते गाव उभं राहिलं, आणि आमच्या भागात यंत्राला हात लावताना न भिणारी माणसं तयार झाली ती तिथूनच. मी पहिल्याच दिवशी बॅटरी आणि सेल्फची भाषा करायला लागलो तर त्यांनी मला गप्प बसवलं. "पाणी चार दिवसांत जातं, गाळ जात न्हाई. जिथं जिथं झाकण हाय, तिथं तिथं गाळ हाय. सगळं उघडायचं. न उघडलेल्या भागावर भरवसा ठेवायचा न्हाई." पुढचे सतरा महिने आम्ही तेवढंच केलं.

पहिलं काम नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं, काढायचं. बुडालेल्या डिझेल इंजिनाला सेल्फ मारणं ही सगळ्यात मोठी चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. नोझल काढली की त्या भोकातून आत काय आहे ते दिसतं. पहिली तीन नोझलं थोड्या खटपटीनं निघाली. टॉर्च मारून बघतो तर आत गंज नव्हता. पिस्टनच्या माथ्यावर काळपट तेल चमकत होतं. तीन वर्षं बंद असलेल्या, पुरात सहा दिवस बुडालेल्या इंजिनात तेल आलं कुठून?

अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मीच ओतलं हुतं. पूर गेल्यावर आठ-धा दिसांनी. तू ड्युटीला गेलतास. खालचं तेल बी सोडून दिलं, निम्मं पाणीच निघालं."

"मग चौथ्यात?"

"चौथं नोझल माझ्या हातानं निघालं न्हाई."

ते त्यांनी तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. घरात गुडघाभर गाळ, धान्य भिजलेलं, पंचनाम्याची धावपळ चाललेली, आणि हा माणूस दुपारी एकटा शेडमध्ये जाऊन नोझलं काढत होता.

चौथं नोझल माझ्याही हातानं निघालं नाही. कडेनं गंज सोडवणारं तेल रोज दोन वेळा सोडायचं, लाकडी ठोकळ्यानं हलकं टोकायचं, असं पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी तात्यांनी सळईवर सरकणारं वजन बसवून एक हत्यार बनवलं, ते नोझलला आट्यात अडकवलं आणि वजन वर झटकत राहिले. निघालं ते काळ्या चिखलासकट. तो सिलिंडर जाम होता. बाकी तिघांचे पिस्टन मोकळे असले तरी चौघं एकाच क्रँकवर, त्यामुळं इंजिन केसभरही हलत नव्हतं.

अर्धं डिझेल आणि अर्धं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते पातळ तेल, असं मिश्रण करून चारही सिलिंडरमध्ये ओतलं. क्लच उघडाच असल्यामुळं फ्लायव्हील समोर होतं, हाच त्या अपुऱ्या कामाचा एक उपयोग झाला. त्याच्या दात्यांत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून रोज संध्याकाळी मी थोडा जोर द्यायचो. झटका द्यायचा नाही आणि पाइप लावून टॉमी लांब करायची नाही, हे तात्यांनी बजावलं होतं. पुढं नाही गेलं तर मागं. अकराव्या दिवशी दाता अंगठ्याच्या रुंदीइतका सरकला. आवाज काहीच झाला नाही, नुसतं हाताला कळलं. मी अण्णांना हाक मारली. ते काठी टेकत आले, त्यांनी स्वतः टॉमी धरून एकदा मागं-पुढं केलं आणि परत जाऊन बसले.

इंजिन उतरवण्यासाठी पुढची जाळी आणि रेडिएटर काढलं. इंजिन उचलायची चेनकुप्पी शेडच्या छताच्या कैचीला अडकवायचा माझा विचार होता. तो तात्यांनी मोडून काढला: शेडचे पाइप पत्रा पेलायला असतात, इंजिन पेलायला नाही. तीन जाड पाइपांची तिवई केली. हा खर्च वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही. नंतर गिअरबॉक्स, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), डिफरन्शियल, सगळं त्याच तिवईवर उचललं.

या इंजिनाचं नाव ४९७. नावातच माप आहे: चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक १०० मिलिमीटर, म्हणजे सगळं मिळून २,९५६ सीसी. माझ्यासारख्या तपासणीवाल्याला असं नाव फार आवडतं. हेड काढून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा मोजला. पहिले तीन जुन्या इंजिनाला शोभेल इतकेच झिजलेले. चौथ्यात पिस्टन जिथं अडकला होता तिथं गंजाचं कडं आणि त्याच्यावर नखाला लागतील असे खड्डे. क्रँक काढून बघितला तर चौथ्या पिनवरही गंजाचे डाग. अण्णांनी जिथवर तेल पोचवलं होतं तिथवर लोखंड शाबूत होतं. मापाच्या कागदावर ते आकड्यांत दिसत होतं, आणि तो कागद मी अजून ठेवला आहे.

सांगलीच्या एका लेथवर चारही स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, नव्या बसवून घेतल्या, नवे पिस्टन-रिंग घेतले. एकच स्लीव्ह बदला, भागेल, असं सांगणारे भेटले. भागलंही असतं कदाचित. पण इंजिन पुन्हा तिवईवर चढवायची माझी तयारी नव्हती. क्रँक दहा थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, घासून घेतला आणि त्या मापाची बेअरिंगं टाकली. लेथवरून माल आला की बसवायच्या आधी प्रत्येक माप परत घ्यायचं, ही सवय इथं कामाला आली. एका पिनला घासताना कडेची गोलाई नीट राहिली नव्हती. तशीच बसवली असती तर तिथूनच क्रँक तडकला असता. परत नेऊन दुरुस्त करून आणला. लेथवाला रागावला नाही, उलट कुठं मोजलंस ते दाखव म्हणाला.

फ्युएल पंपाचं काम घरी होत नाही, करूही नये. त्यातले प्लंजर इतक्या बारीक मापाचे असतात की बोटाचा घामसुद्धा त्यांना चालत नाही. मिरजेच्या एका पंपवाल्याकडं दिला. चारही एलिमेंट, म्हणजे प्लंजरचे संच, गंजलेली, नवी टाकावी लागली. पंप आणि नोझल मिळून १८,००० गेले. सगळ्या गाडीत एका जागी गेलेली ही सर्वात मोठी रक्कम. त्यानं नोझल टेस्टरवर दाबून दाखवलं. जुन्यातून डिझेलची धार पडत होती, नव्यातून धूर निघावा तसं बारीक धुकं. "धार पडली की गाडी काळा धूर सोडणार," एवढंच तो म्हणाला, पण मला पंपाचं सगळं शास्त्र त्या मिनिटात कळलं.

आता गाळाबद्दल. चाकांचे हब उघडले तर ग्रीसमध्ये वाळू मिसळून काचकागदासारखी झालेली. वरून चाक छान फिरत होतं, बरं का. सगळी बेअरिंगं फेकली. डिफरन्शियलमधून निघालं ते तेल दूध घातलेल्या चहासारखं, आणि तळाशी बोटभर गाळ. दोनदा डिझेलनं धुऊन, कोरडं करून मग ९० नंबरचं ईपी तेल भरलं. गिअरबॉक्सची तीच गत. दरवाज्यांच्या खाली पाणी जायला बारीक भोकं असतात ती गाळानं बुजली होती, म्हणून पूर गेल्यावरही प्रत्येक पावसाचं पाणी आतच साठत राहिलं आणि खालचा पत्रा बिस्किटासारखा झाला. पुराचं पाणी उतरल्यावर निदान ती भोकं तरी तारेनं मोकळी करायला हवी होती, दहा मिनिटांचं काम होतं ते.

सगळ्यात जास्त गाळ चेसिसच्या पोटात निघाला. गाडी धुवायच्या मशीननं आम्ही एका रविवारी पाच तास पाणी मारलं. माझी मुलगी दहावीत होती, तिनं घमेलं खाली धरून निघालेला गाळ गोळा केला. पाच घमेली भरली. तो गाळ तिनं परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याला टाकला.

पाट्यांबद्दल एक सांगायलाच हवं. पाटे एकावर एक आवळून मधल्या बोल्टनं बांधलेले असतात आणि तो बोल्ट म्हणजे दाबून धरलेली स्प्रिंग. दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळल्याशिवाय तो उघडायचा नाही. यूट्यूबवर बघून घाईनं उघडणाऱ्या एका मुलाचा दात गेलेला मी पाहिला आहे. प्रत्येक पाटा वेगळा करून, तारेच्या ब्रशनं घासून, मध्ये ग्राफाइटचं ग्रीस भरून परत बांधला. पुढच्या पाट्यांचे सगळे बुश नवे, किंगपिनही नवे. स्टिअरिंगचा जो खुळखुळा पूर्वी अण्णांना चार बोटं लागायचा तो आता बोटभर राहिला.

ब्रेकमध्ये मी मोठी चूक केली. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेलावर चालणारे. व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून बसलेले, ते बदलले. मास्टर सिलिंडर मात्र आतून स्वच्छ दिसला म्हणून नुसतं किट टाकायचं ठरवलं, आणि जोडायच्या आधी तो धुतला डिझेलनं. सगळं उघडलेलं डिझेलनंच धुवत होतो, हात तिकडंच गेला. आठ दिवसांत पेडल खाली गेलं की वर येईना. उघडून बघतो तर रबरी वॉशर फुगून दीडपट झालेले. ब्रेकची रबरं ब्रेक ऑइलसाठी केलेली असतात. डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस यांचा थेंब लागला तरी ती फुगतात. तेच तेल पुढं चारही चाकांत गेलं होतं. सगळं परत काढलं, सगळी रबरं परत विकत आणली, नळ्यासुद्धा नव्या टाकल्या. रस्त्यावर गेल्यावर हे झालं असतं तर काय, या विचारानं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये ब्रेकच्या कामाला वेगळी पांढरी परात आणि वेगळं फडकं ठेवलं. अण्णांनी परातीवर खडूनं 'ब्रेक' लिहून टाकलं.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडल दाबायला अण्णा बसले. "दाबा, धरा, सोडा" असं मी खालून ओरडत होतो आणि ते प्रत्येक वेळी "धरलंय" म्हणत होते. २०२१ च्या पुरानंतर केबिनमध्ये ते पहिल्यांदाच चढले होते.

वायरिंगला फार शब्द खर्च करत नाही. जुनी एकही वायर ठेवू नका, एवढंच. पुरात भिजलेली वायर वरून चांगली दिसते आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं असतं. आणि अर्थिंगच्या जागा पांढऱ्या होईपर्यंत घासा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये, पुराला चार वर्षं होऊन गेल्यावर, इंजिन परत जागेवर बसलं होतं. नवी क्लच प्लेट मी स्वतः सांगलीला जाऊन आणली होती. बसवताना मी काही बोललो नाही आणि अण्णाही काही बोलले नाहीत. टॅपेट लावून झाले, तेल-पाणी झालं. डिझेलची हवा काढायला हातपंप मारत राहिलो: आधी फिल्टरवरचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत, मग पंपावरचा. मग नोझलच्या नळ्यांचे नट सैल ठेवून सेल्फ मारला. एकेका नळीतून डिझेल थुंकायला लागलं तसे तात्या एकेक नट आवळत गेले. तिसरा आवळला आणि इंजिननं एक ठोका दिला. चौथा आवळला आणि पांढऱ्या धुराचा लोट शेडभर झाला. आई घरातून धावत आली, तिला वाटलं आग लागली.

मिनिटभरात धूर विरळ झाला. ऑइलचा प्रेशर वर आला. तात्या कान देऊन उभे होते. अण्णा उठले, बॉनेटवर तळहात ठेवून तसेच उभे राहिले, बराच वेळ. कंप हाताला कसा लागतो यावरून ते पूर्वी गाडीचा आजार ओळखायचे. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर मलाच आवरलं नसतं.

पुढचं काम पत्र्याचं. केबिनची जमीन कापून १८ गेजचा पत्रा जोडला, दरवाज्यांच्या खालच्या पट्ट्या नव्या केल्या, लांबी, म्हणजे रंगाखाली भरायची पुट्टी, कमीत कमी भरली. लांबी जाड भरली की दोन पावसाळ्यांत खाली पाणी धरते आणि रंगासकट पापुद्रा निघतो. चेसिस नंबर जिथं ठोकलेला असतो तिथं ग्राइंडर लावायचा नाही, रंगाचा जाड थरही द्यायचा नाही. पासिंगला त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेतात, आणि आकडा उठला नाही तर सगळी मेहनत अडकते. हौद्याच्या फळ्या गावच्या सुतारकाकांनी बाभळीच्या घातल्या. फाळका जुनाच ठेवला. त्याच्या आतल्या बाजूला द्राक्षांच्या पेट्यांचे हिशेब अण्णांच्या अक्षरात खिळ्यानं कोरलेले आहेत, ते पुरातही गेले नाहीत. कपाळावर पेंटरनं 'श्री दत्त प्रसन्न' लिहिलं. दत्ताचं औदुंबर नदीकाठी, आमच्या गावाजवळच आहे, दुसरं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला त्यानं ब्रश बुडवला होता, पण महाराष्ट्रात २०१५ पासून ते लिहायला मनाई आहे. तिथं मुलीनं सांगितलं म्हणून द्राक्षाचा घड काढला.

कागदांचं काम गाडीच्या कामाइतकंच चिकाटीचं. माल वाहणाऱ्या जुन्या गाडीचं फिटनेस दर वर्षी करावं लागतं, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी बरीच वाढली आहे. आमचं फिटनेस कधीच संपलेलं. थकलेला कर, पर्यावरण कर, विमा, पीयूसी असं ओळीनं केलं. अंगावर परावर्तक पट्ट्या लागतात: पुढं पांढरी, मागं लाल, बाजूला पिवळी. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी गाडीला पहिला पाना लावायच्या आधी परिवहन कार्यालयात जाऊन आपली नोंदणी अजून जिवंत आहे का ते बघावं. मी ते सहा महिने उशिरा केलं. नोंदणी रद्द झालेली निघाली असती तर ही सगळी मेहनत शेडच्या बाहेर पडली नसती.

मार्च २०२४ मध्ये पासिंगला सांगलीला नेली. नांद्रे, माधवनगर करत, चाळिसाच्या वर काटा न नेता. नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर ताण द्यायचा नसतो. ब्रेकच्या ट्रॅकवर गाडी सरळ थांबली, कुठंच ओढली नाही. खर्चाची वही बंद केली तेव्हा आकडा २,४०,००० च्या आसपास होता, तिवई धरून. त्या पैशात जुनी चालू गाडी मिळाली असती का? मिळाली असती. मला ती नको होती.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी पाऊस थांबेना. कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली, आयर्विनला पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं चाललं होतं. या वेळी आम्ही कुणाच्या ट्रॅक्टरची वाट बघितली नाही. दुपारी तीन वाजता हौद्यात धान्याची पोती, आईची शिलाई मशीन, तात्यांच्या घरातलं कपाट, शेजारच्या काकूंच्या चार शेळ्या असं सगळं भरलं. ताडपत्री बांधली. अण्णा डाव्या बाजूला बसले. माळाचा चढ ओला, निसरडा, मध्ये एक जीप आडवी आलेली. तिथं गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवावी लागली, मग पहिल्या गिअरमध्ये तशीच उचलली.

वर पोचल्यावर इंजिन बंद केलं. पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. अण्णा खाली उतरले, मागच्या चाकाला दगड लावला, आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "क्लच चांगला लागतोय."